उजव्या पायाचा गोल

दादा,

परवा ती आष्टीला येऊन गेली. शाळेच्या मैदानाला आता चारी बाजूंनी जाळी लागली आहे, बाभळीच्या खांबांच्या जागी पांढरे लोखंडी गोलपोस्ट आलेत, आणि त्याचं उद्घाटन तिच्याच हातून व्हावं असं गावानं ठरवलं होतं. तुम्ही जाऊन चौदा वर्षं झाली, म्हणून पुढचं सांगते. तुमच्यानंतर ती आणखी सहा वर्षं देशाकडून खेळली, त्यातली चार कप्तान म्हणून. तिच्याएवढे गोल या देशातल्या दुसऱ्या कुणा बाईनं मारलेले नाहीत, असं निवेदकानं माइकवरून तीनदा सांगितलं. मी दुसऱ्या रांगेत माझ्या तीर्थपुरीच्या शाळेतल्या पोरींना घेऊन बसले होते. मीही तुमच्यासारखीच ड्रिलची शिक्षिका झाले, हे तर तुम्ही पाहूनच गेलात. माझ्या पोरींपैकी एकीनं कानाशी येऊन विचारलं, "म्याडम, तुमी खरंच यांच्यासंगं खेळल्यात का?" मी हो म्हणाले. "मंग तुमी किती गोल मारले?" मी तिला म्हटलं, खाली बस, मागच्यांना दिसत नाही.

तो दिवस तुम्हाला आठवतो का, ती पहिल्यांदा दिसली तो? मी तेरा वर्षांची होते. सगळा तालुका कबड्डी आणि खो-खो खेळायचा आणि तुम्ही पोरींना फुटबॉल शिकवायचे. लहानपणी जालन्याला पाहिलेला खेळ तुमच्या डोक्यातून कधी गेलाच नाही. पारावरचे लोक हसायचे. मी पुढे, मधोमध खेळायचे. मास्तरची पोरगी म्हणून नाही दादा, माझ्याएवढं पळणारी कुणी नव्हती म्हणून. त्या संध्याकाळी माझाच एक फटका वर गेला आणि चेंडू पलीकडच्या पडीक रानात मेंढरांत जाऊन पडला. मेंढरं उधळली. त्यांच्यामागे हातात काठी घेऊन माझ्याच वयाची एक पोरगी उभी होती, पायात काही नाही. तुम्ही ओरडलात, "ए पोरी, टाक इकडं!" तिनं काठी खाली ठेवली नाही, चेंडू हातात घेतला नाही. दोन पावलं मागे सरली आणि डाव्या पायानं मारला. चेंडू सगळ्यांच्या डोक्यावरून गेला, मैदानाच्या मधे टप्पा पडला आणि घरंगळत तुमच्या पायाशी येऊन थांबला. तुम्ही शिट्टी तोंडात धरून तसेच उभे राहिलात. ती वाजवायचं तुम्हाला सुचलं नाही. माझ्या कुठल्याच गोलानंतर तुमचा तसा चेहरा मी पाहिला नव्हता, आणि पुढेही पाहिला नाही.

दुसऱ्या दिवशी तुम्ही त्यांच्या पालावर गेलात, मला सायकलवर मागे बसवून. तिचा बाप मेंढराची लोकर कातरत होता. त्यानं हात थांबवले नाहीत. म्हणाला, "मास्तर, पोरगी शाळंत गेल्यावर मेंढरं कोन वळायचं?"

"वळणारे लई हायेत तुमच्याकडं. असा पाय मी बघितला न्हाई."

"पायाचं काय घिऊन बसले मास्तर? लगीन लावताना पाय कोन बघतं?"

तुम्ही तिथेच मातीत बसकण मारली. "मला एक साल द्या. न्हाई जमलं तर मी सोता आणून सोडतो, बराबर याच जागेवर."

पावसाळा सरला, ते लोक मेंढरं घेऊन गोदाकाठाकडे निघून गेले, आणि ती आपल्या घरी राहिली. माझ्याच अंथरुणात, माझ्याच गोधडीत. आईनं तिला दोन महिन्यांत आपलंसं केलं. ती पहाटे उठून चूल पेटवायची, आईच्या हाताखाली भाकरी थापायची, आणि आई शेजारणीला सांगायची, "माझ्या पोरीला ह्ये कदी जमलं न्हाई." मी आतून ऐकायचे. तिच्याशी भांडावं असं तिनं काही केलं नाही, हाच माझा मोठा त्रास होता. ती कमी बोलायची, माझे केस विंचरून द्यायची, आणि मैदानावर उतरली की आम्ही सगळ्या तिच्यापुढे लहान व्हायचो. ती आमच्यासारखी चेंडूमागे धावायचीच नाही. एका जागी उभी राहायची, बघत. कळपातलं कुठलं मेंढरू कधी फुटणार हे ज्या डोळ्यानं बघायची त्याच डोळ्यानं. मग एकदम सहा पावलं, आणि चेंडू तिच्याकडेच यायचा. शिकवून येणारं ते नव्हतं. मी आज माझ्या पोरींना सगळं शिकवते, तेवढं मला शिकवता येत नाही.

महिन्याभरात तुम्ही मला उजव्या कडेला नेऊन उभं केलंत. खांद्यावर हात ठेवून म्हणालात, "तू आता हितून पळायचं. कोपऱ्यापर्यंत जायचं आन् चेंडू आत टाकायचा. तिला." मी विचारलं, "आन् मी गोल कवा मारायचा?" तुम्ही हसलात. तो विनोद होता असं तुम्हाला वाटलं असावं.

तिचा एकच दोष होता, उजवा पाय. तो नुसता चालायला होता. तुम्ही तिच्या डाव्या पायाला धडपं गुंडाळायचे, जाड, म्हणजे त्यानं मारता येऊ नये, आणि रोज सरावानंतर अर्धा तास ती फक्त उजव्या पायानं मारायची. तिला चेंडू कोण टाकायचं? मी. दुसऱ्या पोरी घरी जायच्या, आणि मी कडेवरून एकामागून एक चेंडू तिच्या उजव्या पायावर टाकत राहायचे. तुम्ही गोलाच्या मागे उभे राहून तिला म्हणायचे, "आगं, त्यो पाय काय पाटावर मांडी घालायला दिलाय का देवानं?" मला कधी काही म्हणाला नाहीत. पास चांगला पडला तर त्यात सांगण्यासारखं काय असतं?

बुटांचंही सांगते. विभागीय सामन्यांच्या आधी तुम्ही आम्हा दोघींचे पाय वर्तमानपत्रावर ठेवून पेन्सिलीनं आखले आणि ते कागद खिशात घालून जालन्याला गेलात. मी दुपारपासून फाट्यावर एसटीची वाट पाहत होते. तुम्ही उतरलात तेव्हा हातात एकच खोकं. काळे बूट, खाली टोकं असलेले. तिच्या मापाचे. माझ्याकडे बघून म्हणालात, "तुला कॅनव्हासचे हायेत की. तिच्या पायात काईच न्हाई." हे खरं होतं दादा. त्यात चूक काढण्यासारखं काही नव्हतं. मग माझा पाय कशाला आखलात, एवढंच मला विचारायचं होतं, आणि ते मी विचारलं नाही.

त्याच सामन्यांत ती गोष्ट झाली. अंतिम सामना, एक-एक बरोबरी, शेवटची मिनिटं. मी उजवीकडून दोघींना चुकवून आत शिरले. समोर गोलकीपर एकटी, आणि डावीकडे ती, पूर्ण मोकळी, हात वर करून. मला ती दिसली. "ती दिसली न्हाई" असं मी तेव्हा तुम्हाला म्हणाले होते, ते खोटं होतं. मी मारला, चेंडू खांबाला लागून बाहेर गेला, आणि पुढच्याच मिनिटाला आमच्यावर गोल झाला. तुम्ही सगळ्या संघापुढे मला म्हणालात, "गोल काय तुझ्या बापाचा हाय का?" एक पोरगी फिसकन हसली, कारण माझा बाप समोरच उभा होता. परतीची एसटी वाटूर फाट्यावर थांबली. तुम्ही खाली उतरलात, मोसंब्या घेतल्या, सोलून सगळ्यांना वाटल्या. मला दिलेली फोड मी खिडकीतून टाकून दिली. तिनं ते पाहिलं आणि तिची अर्धी माझ्या हातात ठेवली. तीही मी टाकली.

मग क्रीडा वसतिगृहासाठी जिल्ह्यातून एकच नाव मागवलं. तुम्ही ओट्यावर बसून कागदावर लिहीत होता, आणि मी दारातून वाचलं. आत येऊन विचारलं, "माझं का न्हाई?" तुम्ही पेनाचं टोपण लावलंत, सावकाश. "तू चांगली हायेस, बेटा. ती येगळी हाय." दादा, तुम्ही खोटं बोलायला पाहिजे होतं. जागा एकच आहे, तुझ्या आईला कोण बघणार, काहीही. बापानं एवढं खोटं बोललेलं चालतं.

ती पुण्याला गेली. तिथून राज्याच्या संघात, रेल्वेत नोकरी, मग देशाच्या शिबिरात. पहिल्याच परदेशी सामन्यात दोन गोल. तिचा पेपरातला फोटो तुम्ही शर्टाच्या खिशात ठेवून गावभर हिंडलात. तिच्या बापाला दाखवायला गोदाकाठी जाऊन आलात, आणि परत येऊन सांगितलंत की म्हाताऱ्यानं फोटो उलटा धरला होता, तरी रडला. मी बी.पी.एड. केलं, तीर्थपुरीला नोकरी लागली. मग माझं लग्न ठरलं. हळदीच्या दिवशी फोन आला की तिचा गुडघा गेला, आजच संध्याकाळी ऑपरेशन. आई म्हणाली, "आज जाऊ नका." तुम्ही म्हणालात, "तिचं कोन हाय तिथं? उद्या अक्षतांच्या आत येतो." आलात, हे खरं. अक्षता पडायला दहा मिनिटं असताना मांडवात शिरलात, कालचाच सदरा, पायात दवाखान्यातल्या कुणाच्या तरी सपाता. माझ्याजवळ येऊन पहिलं वाक्य बोललात, "खेळंल ती. डॉक्टर म्हनला, खेळंल." मुंडावळ्यांमागे मी काय चेहरा केला ते तुम्हाला दिसलं नाही.

ती आपल्या घरी येऊन सात महिने राहिली. तुम्ही तिला रोज दुधना नदीच्या कोरड्या वाळूत चालवलंत. लोक म्हणत होते, संपली ती. दोन वर्षांनी ती परत उतरली आणि पहिल्यापेक्षा जास्त गोल मारू लागली. पळणं कमी झालं होतं, उभं राहून बघणं वाढलं होतं. एकदा तिचा सामना पाहायला तुम्ही मला नेलंत. तिनं छातीवर चेंडू घेतला, वळली, आणि गोलकीपर हलायच्या आत तो जाळीत होता. माझ्या तोंडून आपोआप "वा!" निघालं. मग मला स्वतःचाच एवढा राग आला की उरलेला सामना मी नीट पाहिला नाही.

आता ते सांगते, ज्याच्यासाठी बसले आहे.

तुम्हाला जालन्याला दवाखान्यात ठेवलं होतं. हृदय थकलंय, असं डॉक्टर म्हणाले होते. त्या दुपारी तिकडे परमुलखात तिचा अंतिम सामना होता. तेव्हा बायकांचे सामने टीव्हीवर कुठे दाखवायचे? तुम्ही सकाळपासून मला दर तासाला विचारत होता, "किती वाजले?" साडेचारच्या सुमारास फोन वाजला, मी व्हरांड्यात गेले. तीच होती. मागे आरडाओरडा चालला होता. ती रडत होती की हसत होती कळत नव्हतं. "झाला गं! एक-शून्य, माझा! उजव्या पायानं! सरांना आधी सांग, उजव्या पायानं मारला म्हनून सांग. मंग बाकीचं."

मी हो म्हणाले. फोन ठेवला. व्हरांड्यातून खोलीपर्यंत बारा-पंधरा पावलं असतील. आत आले तर तुम्ही उशीवरून मान उचलली होती. आठ दिवसांत तुम्ही पहिल्यांदा आपणहून मान उचलली होती, आणि ती माझ्यासाठी नव्हती. तुमचे डोळे माझ्या हातातल्या फोनवर होते.

"काय झालं?"

"हारले, दादा. तिला न्हाई मारता आला."

मी असं म्हणणार हे मलाही माहीत नव्हतं. तुम्ही मान परत उशीवर टेकवलीत. मला वाटलं, आता लगेच खरं सांगून टाकावं, चेष्टा केली म्हणावं. मी तोंड उघडणार तेवढ्यात तुम्ही म्हणालात, "मंग चेंडू आला नसंल बराबर. तिच्या उजव्या पायावर चेंडू तुझ्यासारखा कुनी टाकला न्हाई. तू असतीस तिथं, तर झाला असता."

सत्तावीस वर्षं झाली दादा, मी उजव्या कडेला उभी राहिले त्याला. त्यातली तेरा वर्षं तुम्ही होता, आणि माझ्या पासबद्दल बोललेलं ते एवढंच. मी ते खोटं तसंच ठेवलं. खरं सांगितलं असतं तर तुम्हाला ते वाक्य परत घ्यावं लागलं असतं. संध्याकाळी तुम्ही घोटभर चहा घेतलात, आईला काहीतरी विचारलंत, आणि दिवेलागणीला गेलात.

दुसऱ्या दिवशी ती विमानतळावरून बोलली. आवाज बसला होता. "सांगितलंस ना गं त्यान्ला? आयकलं त्यांनी?" मी म्हणाले, "हो. आयकलं. हसले." दुसरं काय सांगणार होते? एक खोटं तुमच्याशी बोलले होते, दुसरं तिच्याशी बोलावं लागलं. आणि ते दुसरं खोटं मोठं होत गेलं. तिनं कुठल्या तरी मुलाखतीत सांगितलं, मग पेपरात आलं, की शिष्येचा गोल ऐकून हसत हसत गुरूनं डोळे मिटले. प्रत्येक सत्काराला कुणीतरी ते सांगायचं. मी टाळ्या वाजवायचे.

परवा ती स्वतः बोलली. पोरींकडे बघून म्हणाली, "माझा सगळ्यात मोठा गोल कोनता, असं मला समदे विचारतात. जो सरांनी जाताना आयकला, तो." आख्खं मैदान उभं राहिलं. माझ्या पोरी रडत होत्या. आणि मी, दादा, एवढ्या वर्षांनी, तिथे बसून जळत होते. मीच रचलेल्या खोट्यावर तिला टाळ्या मिळत होत्या, आणि त्याही मला बघवत नव्हत्या.

ती रात्री हॉटेलात राहणार नाही म्हणाली, आपल्या जुन्या घरी जेवायला आली. आई गेल्यापासून ते घर बंदच असतं, मी आधी जाऊन झाडून घेतलं होतं. तिनं पिठलं करायला सांगितलं आणि स्वतः परातीपुढे बसली, भाकरी थापायला. तिचे केस पिकलेत. गुडघा वाकत नाही म्हणून तो पाय लांब करून बसते. दोन घास झाल्यावर मी म्हटलं, "दादांनी तो गोल आयकला न्हाई."

ती चावायची थांबली. "म्हंजी?"

"मी त्यांना सांगितलं, हारले. तू मारला न्हाई म्हनून सांगितलं."

तिनं माझ्याकडे बघितलं, मैदानात बघायची तसंच. मग म्हणाली, "इतका राग होता माझा?"

"होता."

"आन् आता?"

"आता बी हाय. कमी न्हाई झाला."

तिनं ताट पुढे सरकवलं. मला वाटलं उठून जाईल. ती उठली, मोरीत हात धुतले, पाठ माझ्याकडेच ठेवून उभी राहिली. खांदे हलत होते. मी जवळ गेले नाही, जायची लाज वाटली. ती न वळताच म्हणाली, "तुझ्या घरात राह्यले, तुझी गोधडी घेतली, तुझी जागा घेतली, तुझा बाप घेतला. मला समदं कळत होतं. पर मी तरी काय करनार होते? मला दुसरं काई येतच न्हवतं." मग वळली. "त्ये आता कुनाला सांगू नको. मी बी ती गोष्ट आता कुटं सांगनार न्हाई. पर मला एक सांग. तू हारले म्हनल्यावर काय म्हनले सर?"

ती मोरीच्या दारात उभी होती, ओले हात पदराला न पुसता. ज्या बाईनं आयुष्यात माझ्याकडून काही मागितलं नव्हतं, ती मागत होती. तुमचं माझ्याशी शेवटचं बोलणं तिच्याबद्दलच होतं, अर्धं तरी. तिचाही त्यावर हक्क होता.

मी म्हणाले, "काई न्हाई. गप राह्यले."

ती मान हलवून परत बसली आणि आम्ही उरलेलं पिठलं संपवलं. सकाळी गाडीत बसताना तिनं माझ्या पोरींना शिबिराला पाठव म्हणून सांगितलं. तिच्या मनात काय आहे ते मला माहीत नाही.

हे सगळं लिहून झालं तेव्हा पहिल्यांदा मनात आलं की हे कागद तिलाच पाठवावेत. तुमच्यापर्यंत तर ते जाणार नाहीत. पण नाही पाठवणार. पाठवले तर त्यात तुमचं ते वाक्य जाईल, आणि ते मला तिला द्यायचं नाही.